भरल्या गाडीचं ॲव्हरेज

सोयाबीनचा हंगाम भरात आला, की कारंजा लाडच्या बाजार समितीच्या दाराशी उजाडायच्या आत गाड्या लागतात. ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, ॲपे असतात, एखादी बैलगाडीही दिसून जाते. पण रांगेचा मोठा हिस्सा पिकअपचा. महिंद्राची बोलेरो पिकअप, टाटाची योद्धा, लेलँडची दोस्त, आणि थोडका माल असला तर छोटा हत्ती. मागे ताडपत्रीखाली कट्ट्यांची थप्पी, दबून सरळ झालेले पाटे, मडगार्डच्या आतून वाळलेल्या काळ्या मातीचे पापुद्रे, आणि समोरच्या काचेवर मोठ्या अक्षरांत ‘श्री गुरुदेव दत्त’. नृसिंह सरस्वतींचं हे जन्मगाव, त्यामुळे गाडी कोणत्याही कंपनीची असो, काच महाराजांची.

रांगेत अडकलेला चालक मोकळा असतो आणि मोकळेपणानं बोलतो. बोलण्याचे विषय ठरलेले: भाव, ओलावा आणि डिझेल. पहिल्या दोन विषयांवर सगळ्यांचं एकमत होतं. तिसऱ्यावर होत नाही. ‘गाडी किती देते?’ एवढं विचारलं, की एकाच बनावटीच्या गाड्यांसाठी नऊ हा आकडाही ऐकू येतो आणि चौदाही. कोणी सांगतो, ‘खाली गाडी पंधरा देते, लोडमध्ये सांगता येत नाई.’ कोणी शोरूमवाल्याची नक्कल करून दाखवतो. एकजण म्हणाला, “थो म्हने का इतलं देते, तितलं देते. म्या म्हनलं, भाऊ, एक डाव माह्या वावरातून भरून आन, मंग सांग.” त्याच्या शेजारचे वयस्कर काका टायरला टेकून ऐकत होते. ते म्हणाले, “गाडी किती देते थे चिखलाले इचारा, मले कायले इचारता?”

दिवाळीच्या तोंडावर गाड्यांच्या जाहिरातींना ऊत येतो. कारच्या जाहिरातीत मायलेजचा आकडा ठळक, त्याच्या डोक्यावर ताऱ्याची खूण, आणि खाली मुंगीच्या पायांसारख्या अक्षरांत एक ओळ: केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ११५ नुसार चाचणी संस्थेनं प्रमाणित केलेला आकडा. ही ओळ खरी आहे. आकडाही खरा आहे. फक्त तो ज्या परिस्थितीत खरा आहे, तिच्यात कारंजा तालुका बसत नाही.

हा आकडा निघतो कुठे आणि कसा? पुण्याच्या वेताळ टेकडीवर एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. स्थापना १९६६ची. तिथल्या प्रयोगशाळेत गाडी जागेवरच उभी असते. तिची ओढणारी चाकं जमिनीत बसवलेल्या रोलरवर फिरतात. चालकासमोर पडद्यावर एक रेघ सरकत असते, त्या रेघेबरहुकूम त्यानं वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचं. सगळा खेळ ११८० सेकंदांचा, वीस मिनिटांना थोडा कमी. एवढ्यात गाडी सुमारे साडेदहा किलोमीटर ‘धावते’. सरासरी वेग ताशी बत्तीस-तेहतीस, कमाल वेग नव्वद. थांबलेल्या गाडीनं पन्नासचा वेग गाठायला जवळपास सव्वीस सेकंद घ्यायचे. बायपासवर मागून ट्रक हॉर्न मारत असताना एवढ्या सबुरीनं गिअर टाकून पाहा.

या चाचणीत डिझेल मापानं मोजत नाहीत, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. सायलेन्सरमधून निघणारा वायू गोळा करतात, त्यातला कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन तपासतात, आणि धुरात एवढा कार्बन आला म्हणजे टाकीतून एवढं डिझेल गेलं असा उलटा हिशेब मांडतात. पद्धत पक्की आहे, जगभर तीच वापरतात. खोट तिच्यात नाही. खोट आहे रोलरवर किती वजन धरायचं यात. रिकाम्या गाडीच्या वजनात एका-दोन माणसांइतकी भर घालायची आणि तेवढ्याच वजनाचा अवरोध रोलरला द्यायचा, असा नियम. कारसाठी तो चालून जातो, कारण कारमध्ये शेवटी माणसंच बसतात. पण पिकअप विकत घेताना कोणी दोन माणसं बसवायची म्हणून घेत नाही. दीड-पावणेदोन टन माल टाकायचा म्हणून घेतो. रिकामी असताना तिचं स्वतःचं वजन जेवढं, जवळजवळ तेवढाच माल तिच्या पाठीवर चढतो.

हा मुद्दा बारीक वाटेल, पण सगळं दुखणं इथंच आहे. आपल्याकडे इंधनाच्या सरासरीचा निकष २०१७ पासून लागू झाला तो प्रवासी कारना. २०१७ मध्येच बारा टनांवरच्या ट्रक-बसगाड्यांसाठी वेगळा निकष अधिसूचित झाला, आणि त्यातली चाचणी स्थिर वेगानं, ताशी चाळीस आणि साठला, पूर्ण भार धरून घेण्याची. म्हणजे भरलेली गाडी किती इंधन खाते हे मोजायची रीत या देशाला ठाऊक आहे, ती कागदावरही आहे. पण साडेतीन टनांच्या आतली मालगाडी ना कारच्या निकषात बसली ना ट्रकच्या. ज्या गाडीवर कारंजा, मानोरा, मंगरूळपीरचा निम्मा शेतमाल हलतो असं डोळ्यांनाच दिसतं, नेमकी तीच वर्षानुवर्षं मधल्या फटीत राहिली. अलीकडे या गटासाठीही निकष आणण्याच्या हालचाली सुरू झाल्या आहेत. त्यात भरल्या गाडीचा विचार होतो की पुन्हा रिकाम्याचाच, हे पाहायला हवं.

ही फट आपल्याकडेच आहे असं नाही. पिकअपचं माहेरघर म्हणजे अमेरिका. तिथं प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर सरकारी मायलेजचा कागद चिकटवावाच लागतो, पण साडेआठ हजार पौंडांवर, म्हणजे भारासकट ३८५० किलोंच्या वर गेलेल्या मोठ्या पिकअपला त्यातून सूट आहे. फोर्डची एफ-२५० किंवा तिच्या जातीच्या कामकरी गाड्या घेणाऱ्याला काचेवर आकडाच मिळत नाही. उलट हौसेच्या गाड्यांचा आकडा मिळतो, आणि तो वाचून आपल्याकडच्या माणसाला घेरी येईल. रॅम कंपनीची टीआरएक्स नावाची वाळू-दगडातून उड्या मारणारी पिकअप सरकारी मोजणीतच गॅलनला १२ मैल देते. लिटरमागे पाच किलोमीटर. हे रिकाम्या गाडीचं, डांबरी हिशेबानं.

तरी अमेरिकेची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. प्रयोगशाळेतला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा जुळत नाही अशी ओरड तिथंही झाली. तेव्हा सरकारनं १९८५ पासून आपलेच आकडे कापले: शहरातला दहा टक्क्यांनी, हमरस्त्यावरचा बावीस टक्क्यांनी. तरी अंतर राहिलं म्हणून २००८ च्या गाड्यांपासून जोराचा वेग, चालू एसी आणि थंडी या तिन्हींच्या चाचण्या आकड्यात मिसळल्या. युरोपनं मात्र बराच काळ डोळेझाक केली. तिथं जी जुनी चाचणी होती तिचीच सख्खी बहीण आपण वापरतो, फक्त तिकडचा १२० चा कमाल वेग आपण ९० वर आणला. त्या चाचणीचा आकडा आणि रस्त्यावरचा खर्च यांतलं अंतर २००१ मध्ये दहा टक्क्यांच्या आत होतं, ते २०१५ पर्यंत चाळीस टक्क्यांच्या घरात गेलं. गाड्या बिघडल्या नव्हत्या. कंपन्या परीक्षेचा पेपर पाठ करून बसत होत्या. शेवटी २०१७ पासून युरोपनं ती चाचणी मोडीत काढून नवी आणली. मग गाडीतच इंधनाचा मीटर बसवणं बंधनकारक केलं आणि लाखो गाड्यांची खरी नोंद गोळा केली. २०२४ मध्ये ती जाहीर झाली तेव्हा नव्या चाचणीपेक्षाही साध्या पेट्रोल-डिझेल गाड्या रस्त्यावर सुमारे वीस टक्के जास्त इंधन खात होत्या. चाचणी कितीही सुधारली तरी रस्ता थोडा जिंकतोच, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडे बीएस-सहाचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०२३ ला आला तेव्हा गाडी खऱ्या रस्त्यावर नेऊन तिचा धूर मोजायची सोय झाली. पण ती धुरासाठी. ॲव्हरेजचा आकडा रोलरवरचाच राहिला.

आता कारंज्याच्या रस्त्यावर येऊ. जुन्या कारंज्याला चार वेशी: दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. चारही वेशींना पुढल्या रस्त्याचं नाव, इतकं हे गाव वाहतुकीवर जगलेलं. आजही इथून मूर्तिजापूर, दारव्हा, मंगरूळपीर, मानोरा, अमरावती अशा वाटा फुटतात, आणि डांबरावर असेपर्यंत पिकअपचा हिशेब फार वाईट नसतो. हवा नीट भरलेलं टायर चांगल्या डांबरावर फिरताना गाडीच्या एकूण वजनाच्या एक-सव्वा टक्का एवढ्या जोरानं मागं ओढतं. भरलेली पिकअप सव्वातीन टनांची धरली, तर हा ओढा चाळीसेक किलोंचा. ताशी साठच्या वेगाला वाऱ्याचा अडथळा आणखी पंचवीस-तीस किलोंचा. इंजिन हे सहज पेलतं आणि लिटरमागे बारा-तेरा किलोमीटर काढून देतं.

मग गाडी डांबर सोडून पांदणीत शिरते. पांदण म्हणजे दोन्ही बाजूंनी बाभळी-बोरी, मधे चाकोरीचे दोन चर आणि त्यांच्यामधे गवताची उंच वरंबी. परतीचा पाऊस येऊन गेला असेल, तर काळी माती पाणी धरून फुगते. वऱ्हाडातल्या या मातीचा चिकणपणाच असा, की ती चाकाला नुसती लागत नाही, चाकावर चढत जाते. टायरच्या खाचा बुजतात, नक्षीचं टायर गुळगुळीत होतं. आता डांबरावर जो ओढा वजनाच्या एक-सव्वा टक्का होता तो दहा टक्के होतो, खोल गाऱ्यात वीसच्याही वर जातो. चाळीस किलोंच्या जागी सव्वातीनशे किलो. गिअर पहिला, फार तर दुसरा. मागची चाकं तीन फेरे फिरतात तेव्हा गाडी दोन फेऱ्यांइतकी सरकते, उरलेल्या एका फेऱ्याचं डिझेल मातीत. हाफ क्लचवर गाडी झुलवत झुलवत काढावी लागते. अशा तीन किलोमीटरना पाऊण लिटर, कधी लिटरही लागतं. लिटरमागे तीन-चार किलोमीटर: त्या अमेरिकी टीआरएक्सपेक्षाही वाईट, आणि ती हौसेनं वाळूत जाते, ही सोयाबीन काढायला जाते.

इथं एक चमत्कारिक गोष्ट चालक सांगतात आणि ती बरोबर आहे. रिकामी पिकअप चिखलात भरल्या गाडीपेक्षा जास्त फसते. कारण इंजिन पुढे, ओढणारी चाकं मागे, आणि मागे वजनच नाही. चाकं नुसती गरगरतात. म्हणून वावरात रिकामी गाडी नेताना हौद्यात मागच्या बाजूला चार दगड किंवा मातीची पोती टाकून नेणारे लोक आहेत. भरली गाडी पकड धरते, पण खचते. दोन्हीकडून डिझेलच जातं. चारही चाकं ओढणारी पिकअप घेतली तर? टाटाच्या योद्धात, महिंद्राच्या कँपरमध्ये ती सोय मिळते. वनखात्याकडे, ठेकेदारांकडे अशा गाड्या दिसतात. शेतमाल वाहणारा मात्र सहसा तिच्या वाटेला जात नाही, आणि माझ्या मते त्याचा हिशेब चुकत नाही. चिखलाचे दिवस वर्षात मोजके, आणि पुढचा जादा गिअरबॉक्स, जादा दांडा, जादा वजन मात्र बाराही महिने, डांबरावरसुद्धा, सोबत ओढावं लागतं. फसली तर शेजारच्या वावरातला ट्रॅक्टर आहेच. काढायचे पैसे घेतो, पण दांड्यापेक्षा स्वस्त पडतो.

दुसरं टोक म्हणजे समृद्धी महामार्ग. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ५ जून २०२५ ला, आणि ७०१ किलोमीटर पुरे झाले. कारंज्याला चढायला-उतरायला जागा आहे. संत्री, भाजीपाला घेऊन नागपूरच्या कळमना बाजारात जाणाऱ्या पिकअपला हा रस्ता वरदान, यात वाद नाही. ना खड्डा, ना गाव, ना गतिरोधक. तरी तिथं ॲव्हरेज का पडतं, असा प्रश्न रांगेत दोघांनी तरी केला. कारण वारा. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. साठवरून ऐंशीवर गेलं की पावणेदोन पटीपेक्षा थोडा जास्त, शंभरवर गेलं की पावणेतीन पट. मालगाडीला तिथं ऐंशीची मर्यादा आहे, पण सरळ रिकामा रस्ता पाहून पाय दबतोच. पिकअपचं तोंड भिंतीसारखं, हौदा उघडा, ताडपत्री फडफडणारी. तिला वारा कापायची कला नाही. प्रयोगशाळेत गाडी सरासरी तेहतीसच्या वेगानं चालली होती हे लक्षात घेतलं, की चांगला रस्ता आणि चांगलं ॲव्हरेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कळतं.

वर टोल. हलक्या मालवाहू गाडीला सुरुवातीला किलोमीटरमागे २ रुपये ७९ पैसे होते, एप्रिल २०२५ पासून ३ रुपये ३२ पैसे. डिझेल नव्वदीच्या घरात धरून हा टोल डिझेलमध्ये मोजला, तर किलोमीटरला सदतीस मिलिलिटर होतो. म्हणजे लिटरला अकरा देणारी गाडी समृद्धीवर मालकाच्या खिशाच्या दृष्टीनं पावणेआठच देते. वेळ वाचतो, टायर वाचतात, पाटे वाचतात, संत्र्यांना मार लागत नाही. ते सगळं जमेला धरून ज्यानं त्यानं ठरवावं. पण ‘समृद्धीनं डिझेल वाचतं’ हे सरसकट वाक्य खरं नाही.

आणि तिसरी जागा, जी कोणीच हिशेबात धरत नाही: रांग. उभ्या गाडीचं इंजिन चालू असलं, की अडीच लिटरचं डिझेल इंजिन तासाला अर्धा ते पाऊण लिटर पितं. ॲव्हरेज शून्य. रांग दोन पावलं सरकते म्हणून चावी फिरवायचा कंटाळा, सेल्फ-बॅटरीची काळजी, आणि थोडी सवय. नव्या बीएस-सहा गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते, ती भरली की गाडी जादा डिझेल जाळून स्वतःच ती साफ करते. मोठा पल्ला मारणाऱ्या गाडीला हे जाणवत नाही. गाव ते बाजार, बाजार ते गाव असे आखूड फेरे आणि मधे तासभर उभं राहणं, हा या जाळीचा सगळ्यात वाईट दिनक्रम. जुन्या गाडीपेक्षा नवी कमी का देते, याचं एक उत्तर इथं आहे.

डिझेलच्या या रडगाण्यात कारंज्याची जुनी शकुंतला आठवल्याशिवाय राहत नाही. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी कारंज्यावरून जायची. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून थेट १९९४ पर्यंत तिला ओढत होतं, नंतर डिझेल आलं. या भागातला कापूस तिनं वाहिला. आता ती बंद आहे, रुळांत गवत. तिच्या संथपणाचे विनोद आम्ही पुष्कळ केले, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाकाचा ओढा डांबरावरच्या टायरच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याचा असतो, हे विनोद करताना कोणाच्या मनात आलं नाही.

असो. खरा प्रश्न मला वेगळाच वाटतो. पिकअपवाल्यानं ॲव्हरेज मोजावंच का? कारवाला मोजतो, कारण त्याला नागपूरला जाऊन यायचं असतं. पिकअपवाल्याला कुठं जायचं नसतं, माल पोचवायचा असतो. एक फेरा मांडून पाहू. वावर ते डांबर तीन किलोमीटर ओली पांदण, तिथून बाजार वीस किलोमीटर, बाजारात तासभर चालू इंजिन, आणि रिकामी परत. गाडीत सोळा क्विंटल. भरून पांदणीत लिटरमागे चार धरा, डांबरावर सावधपणे अकरा. परतताना रिकामी गाडी डांबरावर चौदा, पांदणीत सात. रांगेतले ०.६ लिटर. सगळं मिळून पाच लिटर, शेहेचाळीस किलोमीटर. ॲव्हरेज नऊच्या किंचित वर. मालक कपाळाला हात लावणार.

आता हाच फेरा आठ क्विंटल घेऊन करा. गाडी हलकी, पांदणीत पाच देईल, डांबरावर साडेबारा. खर्च ४.६६ लिटर, ॲव्हरेज जवळजवळ दहा. मालक खूश. पण क्विंटलमागे पहा: भरल्या फेऱ्यात डिझेल ३१५ मिलिलिटर, म्हणजे नव्वदच्या भावानं अठ्ठावीस रुपये. अर्ध्या फेऱ्यात ५८० मिलिलिटर, बावन्न रुपये. ज्या गाडीनं ॲव्हरेज चांगलं दिलं तिनंच शेतकऱ्याचा खिसा जवळजवळ दुप्पट कापला. किलोमीटर-प्रति-लिटर हा आकडा मालगाडीसाठी नुसता अपुरा नाही, तो उलटी दिशा दाखवतो.

अर्थात यावरून ‘मग टाका वीस-पंचवीस क्विंटल’ असा अर्थ काढणारे भेटतील, आणि पुष्कळजण तसं करतातही. क्षमतेच्या वर टाकलेल्या मालाचं डिझेल वाचतं, पण ब्रेक, पाटे, टायर आणि कधी जीव त्यात जातो. हिशेब आरसी बुकातल्या वजनाच्या आतलाच.

याच मांडणीतून आणखी एक गोष्ट निघते. तीच पांदण मुरूम टाकून पक्की झाली, भरून आठ आणि रिकामी दहा देऊ लागली, तर फेऱ्याला अर्धा लिटर वाचतो. एका गाडीला एका फेऱ्याचे पंचेचाळीस रुपये. ऐकायला किरकोळ. पण एका पांदणीवरून एका हंगामात किती फेरे होतात हे त्या गावानं मोजावं, आणि पांदण रस्त्यांच्या सरकारी योजनेच्या अर्जाला तो आकडा जोडावा. कोणत्याही कंपनीचं नवं इंजिन एवढी बचत करून देत नाही.

मोजायचं कसं, हेही सांगायला हवं, कारण रांगेतल्या बहुतेक आकड्यांचा उगम अंदाज आहे. पंपावर ‘हजाराचं टाका’ म्हणणाऱ्याला ॲव्हरेज कधीच कळत नाही. टाकी फुल्ल करायची, नोझल आपोआप पहिल्यांदा बंद पडलं की तिथंच थांबायचं, किलोमीटर लिहायचे. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, तसंच फुल्ल करून जितके लिटर बसले त्यानं किलोमीटरला भागायचं. एका वेळच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, चार-पाच टाक्यांची बेरीज घ्यावी. मूळ मापापेक्षा मोठे टायर चढवले असतील, तर मीटर खऱ्यापेक्षा कमी किलोमीटर दाखवतो आणि बिचाऱ्या गाडीची विनाकारण बदनामी होते. आणि वहीत तिसरा रकाना हवा: किती क्विंटल वाहिलं. वजनकाट्याच्या पावत्या खिशात असतातच, त्या फेकू नयेत.

कंपन्यांकडे तर वहीचीही गरज नाही. नव्या पिकअपमध्ये गाडी कुठं आहे, किती चालली, किती डिझेल गेलं हे मालकाच्या फोनवर दाखवणारी यंत्रणा येते. म्हणजे विदर्भाच्या काळ्या मातीत, ऑक्टोबर महिन्यात, भरलेली गाडी खरोखर किती देते हे कंपनीला घरबसल्या कळू शकतं. युरोपनं कायदा करून जे मिळवलं ते इथं मागितलं तर मिळण्याजोगं आहे. मागितलं मात्र कोणी नाही.

आकड्यावरून कोर्टात जाता येतं का? येतं. केरळात त्रिशूरच्या ग्राहक आयोगानं २०२२ मध्ये फोर्ड क्लासिक डिझेल घेणाऱ्या ग्राहकाला सुमारे तीन लाखांची भरपाई देवविली. माहितीपत्रकात लिटरला ३२ किलोमीटर लिहिले होते, तज्ज्ञानं मोजले तेव्हा साडेएकोणीसच्या आसपास भरले. ती कार होती. पिकअपवाल्याला मात्र तुमची गाडी व्यावसायिक, तुम्ही ग्राहक नाही, असं ऐकवून परत पाठवलं जाण्याची भीती असते. तर हे लक्षात ठेवा: ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार स्वयंरोजगारातून केवळ स्वतःची उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यावसायिक हेतू’त मोडत नाही. एकच गाडी, स्वतः चालवणारा मालक, त्यावर घर चालतं: असा माणूस कायद्याच्या नजरेत ग्राहक ठरू शकतो. पण तोंडी आश्वासनाला तिथं किंमत नाही. म्हणून या दिवाळीत गाडी बुक करणार असाल, तर टोकन देण्याआधी विक्रेत्याला एवढंच म्हणा, की पूर्ण भारावर गाडी किती देते ते तुमच्या लेटरहेडवर लिहून सही-शिक्क्यासह द्या. जो देणार नाही, त्याच्या तोंडच्या आकड्यावर कर्जाचा हप्ता बसवू नका.